सेल्फ फिरतो, गाडी पकडत नाही

हडपसरला ससाणेनगरच्या रेल्वे फाटकापासून थोडं आत प्रज्ञेश ओव्हाळचं गॅरेज आहे. तिथे दोन खुर्च्या आहेत, पण त्या गिऱ्हाइकांसाठी. प्रज्ञेशला स्वतःला बसलेलं फारसं कुणी पाहिलेलं नाही. फोनवर बोलताना तो फेऱ्या मारतो, चहा उभ्याने पितो, आणि एखाद्या गाडीचा दोष सापडला नाही की जेवता जेवता ताटावरून उठून गॅलरीत जाऊन उभा राहतो. त्याची बायको कल्याणी एका दवाखान्यात नर्स आहे. ती म्हणते, "गाडी लोकांची आणि धूर आमच्या घरात."

त्याचे वडील बाबुराव इथल्याच एका कारखान्यात फिटर होते. मुलाने आयटीआय केलं, एका मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये अकरा वर्षं काढली आणि एक दिवस नोकरी सोडली. सोडायला कारण झालं एका बाईंच्या गाडीचं. ती गाडी मधूनच सुरू व्हायची नाही. साहेबांनी सांगितलं, पंप बदला आणि मोकळे व्हा. प्रज्ञेशने पंप बदलला, कागदावर सही केली. आठ दिवसांनी तीच गाडी कात्रजच्या घाटात बंद पडली. आत बाई आणि त्यांची दोन लहान मुलं. पंपाचं काही बिघडलेलंच नव्हतं, सीटखाली वायर घासून तुटत आली होती. बाई ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मग तुम्ही जे बदललंत, ते काय होतं?"

सहा महिन्यांत त्याने स्वतःचं गॅरेज टाकलं आणि एक पक्कं ठरवलं. दोष कळल्याशिवाय गाडीतलं काही बदलायचं नाही.

गेल्या जानेवारीत सोमवारी सकाळी सातच्या सुमाराला त्याला संभाजीअण्णांचा फोन आला. अण्णा हडपसर गावठाणातले, वय चौऱ्याहत्तर. गावातली बरीचशी जमीन आयटी पार्कात गेली होती, पण लोणी काळभोरला दोन एकर राखली होती, आणि रोज उजाडता उजाडता स्वतः गाडी चालवत ते तिकडे जायचे. मुलगा विश्वजीत वारज्याला राहायचा. घरी अण्णा आणि मथुराबाई, दोघंच.

"मिस्त्री, अर्धा तास सेल्फ मारतुय. सेल्फ फिरतो, पण गाडी काय पकडंना."

प्रज्ञेश वीस मिनिटांत पोचला. दहा-बारा वर्षांची पांढरी पेट्रोल गाडी अंगणात उभी होती, पुसून लख्ख.

"पेट्रोल आहे ना?" त्याने विचारलं.

"न्हाई, पाणी घातलंय," अण्णा म्हणाले. "बाबुरावचा पोरगा ना तू? बा तुझा असलं येड्यावानी इचारत नव्हता."

प्रज्ञेश हसला आणि किल्ली फिरवली. गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली.

अण्णा बघतच राहिले. "आरं, आत्तापस्तोर मेल्यावानी पडली व्हती!"

चालणाऱ्या गाडीचा दोष शोधणं म्हणजे ताप उतरल्यावर आलेल्या डॉक्टरसारखी गत. तरी प्रज्ञेशने सगळं बघितलं. सेल्फ जोरात फिरतो, म्हणजे बॅटरी ठीक. किल्लीचा दिवा लागून विझतो, म्हणजे किल्ली गाडीला ओळखीची. प्लगवर करंट स्वच्छ. उंदरांनी वायर कुरतडली असेल म्हणून टॉर्च घेऊन तो इंजिनाखाली आडवा झाला. एकही दाताची खूण नाही. उठताना त्याने विचारलं, "सेल्फ मारताना पेट्रोलचा वास येत होता का, अण्णा?"

"वास? न्हाई. कसलाच न्हाई."

म्हणजे पेट्रोल इंजिनापर्यंत पोचत नव्हतं. पण आता तर पोचत होतं. त्याने किल्ली नुसती अर्धी फिरवली आणि मागच्या सीटशी कान नेला. पंप दोन सेकंद गुणगुणला आणि गप्प झाला, जसा व्हायला हवा तसा.

मथुराबाई चहा घेऊन आल्या. "सापडलं का रं काही?"

"नाही काकू. आज तरी काही नाही."

"थंडीनं झालं आसंल," त्या म्हणाल्या आणि कप ठेवून आत गेल्या.

थंडीचं कारण त्याच्याही मनात एकदा आलं होतं, पण पटलं नव्हतं. तीन दिवस त्याच्या डोक्यातून ती गाडी जाईना. गुरुवारी पुन्हा फोन. तो पोचला तेव्हा पुन्हा तेच. त्याने हात लावला आणि गाडी सुरू. या वेळी त्याने स्कॅनर लावला. गाडीने एक खूण मागे ठेवली होती: पंपाच्या रिलेकडे जाणारा प्रवाह सकाळी तुटला होता. रिले म्हणजे काड्यापेटीच्या निम्म्या आकाराची काळी डबी, बॉनेटखालच्या फ्यूजबॉक्समध्ये बसवलेली. तिच्यातून हुकूम गेल्याशिवाय पंप फिरत नाही. प्रज्ञेशने ती काढून बघितली, हलवली, तापवून बघितली. ठणठणीत होती. आणि मग, स्वतःवरच चिडत, त्याने नवी रिले बसवली. बसवताना तिच्यावर पिवळ्या रंगाचा ठिपका दिला, आपण इथे अंदाजाने काहीतरी बदललंय हे आपल्याला लक्षात राहावं म्हणून.

रविवारी अण्णा स्वतःच रिक्षाने गॅरेजात आले. खुर्चीवर बसले नाहीत. "सकाळी पुन्ना तीच गत. आन् तासाभरानं म्या किल्ली लावली तर झाली चालू. मिस्त्री, तुला जमत नसंल तर सांग. मी दुसरा बघतो."

प्रज्ञेशने हातातला पाना खाली ठेवला. "उद्या तुम्ही किल्ली लावायच्या आधी मी येतो. साडेपाचला. मी येईपर्यंत गाडीला कुणी हात लावायचा नाही. घरात सांगून ठेवा."

"सांगतो," अण्णा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला अंगणात दिवा होता. अण्णा स्वेटर घालून, मफलर गुंडाळून गाडीत बसलेलेच होते. प्रज्ञेशने त्यांना सेल्फ मारायला सांगितलं. सेल्फ फिरला, फिरत राहिला. इंजिन एकदा घुटमळल्यासारखं झालं आणि नंतर नुसतंच कुथत राहिलं. त्याला हायसं वाटलं. दोष अखेर त्याच्या समोर उभा होता. काचेतून त्याने आरपीएमचा काटा पाहिला. तो हलत होता, म्हणजे इंजिन फिरतंय हे गाडीला कळत होतं. "थांबा. आता किल्ली नुसती अर्धी फिरवा." त्याने मागचं दार उघडून कान लावला.

पंपाचा आवाज आला नाही.

तो बॉनेट उघडून फ्यूजबॉक्सवर वाकला आणि झाकण काढलं. रिलेची जागा रिकामी होती.

क्षणभर त्याला काही समजेना. डबी सैल होऊन पडत नाही. ती ओढूनच काढावी लागते. त्याने मान वर केली. स्वयंपाकघराच्या दारात मथुराबाई उभ्या होत्या. त्यांची उजवी मूठ पदराखाली आवळलेली होती. त्या त्याच्याकडे बघत होत्या आणि त्यांची नजर खाली गेली नाही.

"काय दिसतंय का?" गाडीतून अण्णांचा आवाज आला. उघड्या बॉनेटमुळे त्यांना पलीकडचं काही दिसत नव्हतं.

प्रज्ञेशने फ्यूजबॉक्सचं झाकण परत लावलं. "आज गाडी जाणार नाही, अण्णा," तो म्हणाला. ते खरं होतं.

अण्णांनी शिवी हासडली, दार आपटलं आणि ते फोन घेऊन फाटकाबाहेर गेले, शेजारच्या कुणाला लोणीपर्यंत सोडायला सांगावं म्हणून. मथुराबाई अंगणात उतरल्या. मूठ उघडली. पिवळा ठिपका.

"त्येंनी मला सांगितलं न्हाई तू येणार म्हून," त्या म्हणाल्या. "इसरले असतील. आता समदंच इसरत्यात."

"काकू, हे तुम्ही..."

"आमचा पोपट ड्रायवर व्हता आदी. शेतावर गाडी हुबी केली की चोरीच्या भ्यानं हा डबा काढून खिशात ठिवायचा. त्याचं बघून ठिवलेलं. ह्येंची पाठ वळली, की परत बसवून ठिवायची." त्या घाईने, एकसारख्या बोलत होत्या, एक डोळा फाटकाकडे. दिवाळीच्या आधी लोणीहून परत येताना अण्णांनी भर रस्त्यात गाडी उभी केली होती आणि त्यांना विचारलं होतं, आपण कुठं निघालोय? त्या वेळी त्यांना वाटलं, थट्टा करतात. मग महिन्याभराने ते सोलापूर रस्त्यावर उलट्या बाजूने शिरले. समोरून उसाची ट्रॅक्टर-ट्रॉली. "वाचलो ते त्या ट्रॅक्टरवाल्यामुळं. आन् ह्ये घरी येऊन म्हंत्यात, ट्रॅक्टरवालाच चुकला."

"विश्वजीतला सांगितलंत?"

"त्याला सांगितलं की तो यीऊन किल्ली काढून घील, बापाचा अपमान करंल, आन् जाईल वारज्याला. मागं ऱ्हानार कोन? मी." त्यांनी रिले पुढे केली. "एवढं कर लेकरा. पंप गेला म्हून सांग. गाडी न्हे तुझ्याकडं, चार म्हैने ठिवून दे."

"मी खोटं नाही सांगणार, काकू. त्यांनी विचारलं तर मला खरं सांगावं लागेल."

"मग सांग," मथुराबाई म्हणाल्या. "आन् उद्या त्येंला ट्रकाखालनं काढायला बी तूच ये."

फाटक वाजलं. प्रज्ञेश एवढंच पुटपुटला, "उद्यापर्यंत मी बोलत नाही. तुम्हीच सांगा." आणि तो निघून आला.

तो दिवस त्याचा फार वाईट गेला. एका गाडीचं ऑइल काढून नवीन न भरताच तो दुसऱ्या गाडीकडे वळला; गिऱ्हाइकाने हटकलं म्हणून निभावलं. जितक्या वेळा फोन वाजला तितक्या वेळा दचकला. अण्णा दुसऱ्या मिस्त्रीकडे गेले असतील का? त्याने रिकामी जागा बघून नवी रिले बसवली, तर अण्णा उद्या रस्त्यावर असतील. दोष सापडला की त्याच्या मनातली तगमग थांबायची, हे आजवर ठरलेलं. या वेळी दोष सापडला आणि तगमग वाढली.

संध्याकाळी त्याने कल्याणीला सगळं सांगितलं. सांगताना तो ओट्यापासून दारापर्यंत आणि दारापासून ओट्यापर्यंत चालत होता.

"आधी बस," ती म्हणाली.

"बसवत नाही."

"बरं, उभ्याने ऐक. विसरणं नेहमी म्हातारपणाचंच असतं असं नाही. जीवनसत्त्व कमी पडतं, थायरॉइड असतं, साखर असते. कधी डोक्याला मार लागलेला असतो. त्यांना कुणी तपासलंय का?"

"त्यांना काही झालंय हेच कुणी बोलत नाही, तर तपासणार कोण?"

"मग कुणीतरी बोलायला हवं."

"ते माझं काम आहे का पण? मी गाड्या दुरुस्त करतो."

कल्याणीने भाजी परतता परतता वळून पाहिलं. "नाही तुझं काम. सोडून दे. जमेल?"

सकाळी साडेपाचला तो पुन्हा अण्णांच्या अंगणात होता.

त्याला तोंड उघडावं लागलंच नाही. अण्णा गाडीशी उभे होते आणि मथुराबाई त्यांच्यासमोर, हातात रिले. "म्या काढला," त्या म्हणत होत्या. "चारी बारीला म्याच काढला. मिस्त्रीची काय चूक न्हाई."

अण्णांचा चेहरा आधी कोरा होता, मग लाल झाला. "का?"

"तुमी रस्ता इसरताय."

"मी? पन्नास वर्सं त्या रस्त्यानं जातुय मी! बैलगाडीनं गेलोय, सायकलीवर गेलोय!" ते प्रज्ञेशकडे वळले. "बसव तो डबा. बसव म्हनतो ना! आन् बस गाडीत. तूच बघ मी काय इसरतो ते."

प्रज्ञेशने मथुराबाईंकडे पाहिलं. त्यांनी रिले त्याच्या हातावर ठेवली. त्याने ती बसवली, बॉनेट लावलं आणि शेजारच्या सीटवर बसून पट्टा आवळला. गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली.

अण्णा उत्तम गाडी चालवत होते. गावठाणातल्या बोळातून त्यांनी आरसा न घासता गाडी काढली, मोठ्या रस्त्याला लागताना थांबले, मागचे दिवे बघितले. मांजरी फाट्याला दुधाचा टेम्पो आडवा आला तेव्हा शांतपणे त्याला वाट दिली. "बघितलंस?" ते म्हणाले. शेवाळवाडी गेली, कवडीपाट गेला. प्रज्ञेशचा उजवा हात हँडब्रेकजवळ होता आणि तो तिथून हलवायचं त्याला सुचत नव्हतं. मनात मात्र यायला लागलं होतं, की काकूंचीच काही समजूत चुकली असेल.

लोणी आलं. दुकानं, कॉलेजची पाटी, बसथांबा. अण्णांनी वेग कमी केला नाही. शेताचं वळण नेमकं कुठे हे प्रज्ञेशला माहीत नव्हतं. गावाच्या पुढे असेल, असं त्याने स्वतःला समजावलं. मग कुंजीरवाडीची पाटी आली आणि मागे पडली. आता त्याला कळलं. बोलावं का? की अजून थोडं बघावं? तो बघत राहिला, आणि आपण या माणसाला गाडीसारखं तपासतोय हे लक्षात येऊन त्याला स्वतःची लाज वाटली.

अण्णांनीच गाडी कडेला घेतली. डावा दिवा टकटक वाजत राहिला. त्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट होते. समोर फटफटत होतं. ट्रक जवळून गेला की गाडी हलायची.

"पोपट," अण्णा हळूच म्हणाले, "कुटं वळायचं रं?"

"अण्णा, मी प्रज्ञेश. गॅरेजवाला. बाबुरावांचा मुलगा."

अण्णांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. ओळख चेहऱ्यावर परत यायला लागली, आणि तिच्याबरोबर भीती आली. असा घाबरलेला म्हातारा माणूस प्रज्ञेशने इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता.

"किती येळ झाला?" अण्णांनी विचारलं.

"वळण मागे राहिलं. दहा मिनिटं झाली असतील."

"तू बोलला का न्हाईस?"

"चुकलं माझं," प्रज्ञेश म्हणाला.

अण्णांनी किल्ली फिरवून गाडी बंद केली. दार उघडलं, मागून येणारी गाडी जाऊ दिली, आणि बॉनेटला हात टेकत टेकत पलीकडून येऊन प्रज्ञेशच्या दारापाशी उभे राहिले. "सरक तिकडं. तू चालव."

प्रज्ञेशने गाडी वळवून घरी आणली. अंगणात मथुराबाई उभ्याच होत्या. अण्णा त्यांच्यासमोरून आत गेले आणि आतून म्हणाले, "इश्वजीतला बोलाव."

विश्वजीत त्याच दिवशी आला, पण त्याआधी त्याने प्रज्ञेशला फोन केला आणि चांगलाच फैलावर घेतला. "तुम्हाला माहीत होतं ना की त्यांना प्रॉब्लेम आहे? आणि तुम्ही त्यांना हायवेवर गाडी चालवू दिली? काही झालं असतं तर?"

प्रज्ञेशकडे सांगण्यासारखं होतं, पण त्याने सांगितलं नाही. कारण विश्वजीतचं म्हणणं चूक नव्हतं. पाच मिनिटं बोलून झाल्यावर विश्वजीतचा आवाज अचानक खाली आला. "आई मला काहीच बोलली नाही. तुम्हाला बोलली. दर रविवारी फोन करतो मी."

"मी त्या वेळी समोर होतो, म्हणून," प्रज्ञेश म्हणाला. "दुसरं काही नाही."

तपासण्या झाल्या. कल्याणीने सांगितलेल्यांपैकी एक गोष्ट निघालीही. रक्तात बी-ट्वेल्व्ह फार कमी होतं, इंजेक्शनं सुरू झाली आणि अण्णा पहिल्यापेक्षा ताजे दिसायला लागले. पण डोक्याचा फोटो काढल्यावर डॉक्टरांनी विश्वजीतला स्पष्ट सांगितलं, की विसरण्याच्या आजाराची सुरुवात झालेली आहे. औषधाने वेग कमी होईल, मागे फिरणार नाही. गाडी चालवायची नाही. अण्णांनी वाद घातला नाही. घरी आल्यावर त्यांनी स्वतः किल्ली काढून मथुराबाईंच्या हातात दिली आणि दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. मथुराबाई त्या दोन दिवसांत रोज त्यांच्या आवडीचं पिठलं करत होत्या आणि ते न जेवता उठत होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मीठ कमी हाय." तेव्हा मथुराबाईंच्या जिवात जीव आला.

फेब्रुवारीत मथुराबाईंचा प्रज्ञेशला फोन आला. गाडीबद्दल काही नव्हतं. अण्णा अजूनही पाचला उठतात, स्वेटर-मफलर घालतात आणि पायरीवर येऊन बसतात; ऊन डोक्यावर येईपर्यंत तिथेच असतात, एवढंच त्यांनी सांगितलं. काही मागितलं नाही. प्रज्ञेशने फोन ठेवला आणि गॅरेजात चार फेऱ्या मारल्या.

त्याचं गॅरेज मंगळवारी बंद असतं. तेव्हापासून दर मंगळवारी तो सकाळी गावठाणात जातो आणि अण्णांना त्यांच्याच गाडीतून शेतावर नेतो. शेतावरही त्याला बसवत नाही. अण्णा बांधावर टेकतात आणि हा उसाच्या कडेने येरझाऱ्या घालत राहतो. "पायाला भिंगरी लावलीय का रं?" अण्णा विचारतात. कधी ते त्याला प्रज्ञेश म्हणतात, कधी पोपट. पोपट म्हटलं की तो आपलं नाव सांगतो, दर वेळी.

रस्ता मात्र अण्णाच सांगतात, तशी त्यांची अट आहे. प्रज्ञेशला वळण आता पाठ झालंय, तरी तो विचारतो. बहुतेक मंगळवारी ते बरोबर सांगतात. गेल्या आठवड्यात लोणीच्या अलीकडेच त्यांनी डावीकडे हात दाखवला आणि प्रज्ञेशने गाडी वळवली. कच्चा रस्ता एका अनोळखी गोठ्यापाशी संपला. कुत्री भुंकायला लागली. गोठ्यातून एक बाई शेणाचे हात तसेच घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "कोन पायजे?"

अण्णांनी काच खाली केली. गोठ्याकडे, म्हशींकडे नीट बघितलं.

"कोन न्हाई बाई," ते म्हणाले. "रस्ता चुकलोय."

प्रज्ञेशने रिव्हर्स टाकला आणि मागे बघत बघत गाडी हळूहळू मोठ्या रस्त्यापर्यंत आणली.